अंबड लिंक रोडवरचे एक गॅरेज आणि त्यांची टोइंगची व्यवस्था : वर्षभराचा अनुभव

नाशिकमधल्या अंबड लिंक रोडवरून आत वळणाऱ्या एका गल्लीत, पत्र्याच्या दोन शेडमध्ये चालणाऱ्या एका गॅरेजमध्ये गेल्या वर्षभरात माझी गाडी अनेकदा गेली. पहिल्यांदा ती स्वतःच्या चाकांवर गेलीच नाही, दुसऱ्याच्या पाठीवर बसून गेली. या गॅरेजच्या सर्व्हिसिंगबद्दल आणि त्यांच्यामार्फत मिळालेल्या टोइंगच्या सेवेबद्दल हे सविस्तर लिहीत आहे. दिवसाला चारपेक्षा जास्त गाड्या घेत नसल्यामुळे नाव छापू नये, अशी मालकांनी विनंती केली आणि ती मला रास्त वाटली. गॅरेजमध्ये त्यांना सगळे मिस्त्री म्हणतात, म्हणून मीही तसेच लिहितो.

माझी गाडी २०१७ सालची पेट्रोल सेडान आहे, पुढच्या चाकांवर चालणारी आणि सीव्हीटी गिअरबॉक्सची, म्हणजे क्लचचे पेडल नसलेली ऑटोमॅटिक. जुलै २०२४ मध्ये वडिलांची तपासणी उरकून आम्ही मुंबईहून परतत होतो. कसारा घाट चढताना दोन-तीन वळणांवर डॅशबोर्डवरचा तेलाच्या झारीचे चिन्ह असलेला लाल दिवा क्षणभर लागला आणि विझला. पाऊस धो धो पडत होता, दरीतून धुके वर येत होते आणि घाटात थांबायला जागा नव्हती, म्हणून मी तसाच पुढे आलो. घोटी सोडून मुंढेगावच्या दिशेने निघाल्यावर मात्र दिवा लागला तो विझेना. गाडी डाव्या कडेला घेऊन इंजिन बंद केले आणि खाली वाकून पाहिले, तर इंजिनच्या खालच्या कव्हरवरून काळे ऑइल थेंबाथेंबाने गळत होते.

त्या दिव्याचा अर्थ अनेक जण ‘ऑइल कमी झाले आहे, नाशिकला पोहोचल्यावर टाकू’ असा घेतात, म्हणून इथे थोडे थांबतो. तो दिवा ऑइलची पातळी दाखवत नाही, दाब दाखवतो. क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनचा मुख्य दांडा, ज्या बेअरिंगमध्ये फिरतो तिथे धातूला धातू लागत नाही, कारण पंपाने दाबून पाठवलेल्या ऑइलचा पातळ थर दोघांना वेगळे ठेवतो. हा दाब गेला की थर फाटतो आणि बेअरिंग काही मिनिटांत, कधी त्याहूनही लवकर, खराब होते. पातळी कमी झाली की सुरुवातीला फक्त वळणावर किंवा चढावर ऑइल एका बाजूला सरकते, पंपाच्या तोंडाशी हवा येते आणि दिवा लुकलुकतो. घाटात मला मिळालेली सूचना नेमकी हीच होती आणि मी ती ओळखली नाही. दिवा लागताच सुरक्षित जागा पाहून इंजिन बंद करायचे आणि पुन्हा सुरू करून ‘बघायचे’ नाही, एवढे प्रत्येक चालकाला ठाऊक असले पाहिजे.

धोक्याचे चारही दिवे लावून आणि सुमारे ५० मीटर मागे त्रिकोण ठेवून मी वडिलांना गाडीतून उतरवले व रस्त्याच्या लोखंडी कठड्यापलीकडे छत्रीखाली उभे केले. पावसात वृद्ध माणसाला बाहेर उभे करणे जिवावर येते, पण धुक्यात महामार्गाच्या कडेला थांबलेल्या गाडीत बसून राहणे त्याहून धोक्याचे आहे. राष्ट्रीय महामार्गांसाठी असलेल्या १०३३ या क्रमांकावर फोन केला. मदत येईपर्यंत तिथून जाणारी एक खासगी क्रेन आपणहून थांबली. क्रेनवाल्याने गाडी मागून उचलून पुढच्या चाकांवर नाशिकपर्यंत ओढत नेण्याची तयारी दाखवली आणि पैसेही कमी सांगितले.

तेवढ्यात मी इंदिरानगरमधल्या एका स्नेह्याला फोन लावला होता, त्याने हे गॅरेज सुचवले. मिस्त्रींनी फोनवर पहिला प्रश्न विचारला, ‘गाडी गिअरची आहे की ऑटोमॅटिक?’ सीव्हीटी म्हटल्यावर ते म्हणाले, ‘साहेब, पुढची चाके रस्त्यावर फिरवत एक किलोमीटरसुद्धा नेऊ देऊ नका. पट्ट्यावर चढवणारी गाडी पाठवतो, तासभर लागेल, पण तिथेच थांबा.’ गाडी सरळ चढवून नेणाऱ्या सपाट पाठीच्या ट्रकला आपल्याकडे फ्लॅटबेड म्हणतात, कोणी हायड्रॉलिक गाडी म्हणतात. मिस्त्रींच्या तोंडी मात्र पट्टा हाच शब्द आहे.

याचे कारण नंतर त्यांनी गॅरेजमध्ये समजावून सांगितले. सीव्हीटीमध्ये दोन पुलींमध्ये फिरणारा पोलादी पट्टा असतो. त्या पुलींना घट्ट धरून ठेवणारा दाब आणि सगळ्या भागांना मिळणारे वंगण हे दोन्ही पंपातून येतात, आणि तो पंप इंजिन चालू असतानाच फिरतो. इंजिन बंद ठेवून गाडी पुढच्या चाकांवर ओढली की चाकांबरोबर गिअरबॉक्सचे आतले भाग फिरतात, पण त्यांना ऑइल मिळत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवल्याने धोका संपत नाही. मुंढेगाव ते नाशिक हे अंतर ३० किलोमीटरच्या आसपास आहे आणि तेवढ्यात हजारो रुपयांचा गिअरबॉक्स खराब होऊ शकला असता. हाताने गिअर टाकायची पुढच्या चाकांची गाडी पुढून उचलून आणि हँडब्रेक सोडून मागच्या चाकांवर नेता येते. मागच्या चाकांवर चालणारी गाडी मागून उचलावी लागते. चारही चाकांना शक्ती मिळणारी गाडी आणि विजेवर चालणारी गाडी यांना फ्लॅटबेडशिवाय दुसरा सुरक्षित मार्ग नाही, कारण विजेच्या गाडीत चाके फिरली की मोटरही फिरते आणि वीज निर्माण करू लागते.

पट्ट्याची गाडी सव्वा तासाने आली. तिचा चालक आणि त्याचा सहकारी यांचे काम मी पूर्ण वेळ उभे राहून पाहिले, आणि हा लेख लिहिण्याचे निम्मे कारण तेच आहे. त्यांनी प्रथम आपला ट्रक माझ्या गाडीच्या पुढे तिरका उभा केला, मागून येणाऱ्या वाहनांसाठी शंकू मांडले आणि मग डिकीतून टूलकिट काढायला सांगितले. त्यातला लोखंडी हूक पुढच्या बंपरवरच्या चौकोनी झाकणामागे असलेल्या आट्यात पूर्ण बसेपर्यंत फिरवला आणि शेवटी पान्याचा दांडा घालून घट्ट केला. चालकाने सांगितले की काही युरोपीय गाड्यांत हे आटे उलटे असतात, त्यामुळे हूक बसत नाही म्हणून जोर करणारे लोक आटेच खराब करतात. ट्रकवरच्या विंचची, म्हणजे गाडी ओढून घेणाऱ्या यंत्राची, तार त्या हुकालाच लावली. बंपरला, स्टिअरिंगच्या दांड्याला किंवा सस्पेन्शनच्या आर्मला दोर बांधणारे मी अनेकदा पाहिले आहेत. तसे केल्याने त्या वेळी गाडी ओढली जाते, पण आर्म वाकतो आणि अलाइनमेंट पुन्हा कधी नीट लागत नाही.

गाडी वर चढवताना इंजिन बंद होते, पण स्टिअरिंगचे कुलूप उघडे राहावे म्हणून किल्ली चालू स्थितीत ठेवली होती. इंजिन बंद असताना ब्रेक दोन-तीनदा दाबल्यावर जड होतो, म्हणून त्यांनी विंच अगदी सावकाश चालवला आणि एक जण कायम चाकाशेजारी लाकडी ठोकळा घेऊन चालत राहिला. तार ताणलेली असताना तिच्या रेषेत कोणालाही उभे राहू दिले नाही. वडील पुढे सरकले तेव्हा त्यांना हाताला धरून बाजूला नेले. वर चढल्यावर पार्किंगचा गिअर, हँडब्रेक, चाकांपुढे-मागे ठोकळे आणि चारही टायरांवरून स्वतंत्र पट्टे, या क्रमाने त्यांनी गाडी जखडली. पट्टे चासीला न बांधता टायरला बांधण्यामागचे कारण असे की रस्त्यावरच्या धक्क्यांनी गाडी स्वतःच्या सस्पेन्शनवर वरखाली झाली तरी चाकांची पकड सैल होत नाही. गोंदे ओलांडल्यावर एका पंपावर थांबून त्यांनी चारही पट्टे पुन्हा तपासले आणि एक घट्ट केला.

याचे ४,५०० रुपये झाले. क्रेनवाल्याच्या दरापेक्षा ही रक्कम दुपटीच्या जवळ होती, तरी मला ती जास्त वाटली नाही. माझ्या विमा पॉलिसीत रस्त्यावरच्या मदतीची जोड होती आणि नंतर त्यातला काही भाग परत मिळाला. पॉलिसीत टोइंगसाठी किती किलोमीटरची मर्यादा आहे आणि फ्लॅटबेड मिळतो की साधी क्रेन, हे नूतनीकरणाच्या वेळीच विचारून ठेवावे.

गॅरेजमध्ये दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी लिफ्टवर घेतली तेव्हा मिस्त्रींनी मला फोन करून बोलावले, मी येईपर्यंत कशालाही हात लावला नाही. खालचे कव्हर काढल्यावर गळती कुठून आहे ते लगेच दिसले. ऑइल सोडण्याचा ड्रेन बोल्ट गरजेपेक्षा जास्त ताकदीने आवळल्याने ॲल्युमिनियमच्या सम्पचे, म्हणजे इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीचे, आटे गेले होते, आणि बोल्ट जागेवर होता तरी त्याच्या कडेने ऑइल झिरपत होते. पाच आठवड्यांपूर्वी शहरातल्या एका मोठ्या, चकचकीत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीची वार्षिक सर्व्हिस झाली होती. तिथे गाडी आत गेल्यावर मालकाला काचेपलीकडे बसवतात आणि संध्याकाळी धुतलेली गाडी व छापील बिल हातात देतात. त्या बिलात ड्रेन बोल्टच्या नव्या वॉशरचे पैसे लावलेले होते. मिस्त्रींनी काढलेला वॉशर दाबून सपाट झालेला आणि जुना होता. वॉशर तीस-चाळीस रुपयांचा असतो. जुना वॉशर गळू नये म्हणून बोल्ट जास्त आवळला गेला असावा, असे मिस्त्रींचे मत होते आणि मला ते पटते.

यानंतर त्यांनी जे केले त्यामुळे माझा या गॅरेजवर विश्वास बसला. इंजिनला इजा झाली आहे का, हे त्यांनी अंदाजाने सांगितले नाही. ऑइल फिल्टर काढून तो कापून उघडला आणि आतला कागद पांढऱ्या ट्रेमध्ये उलगडून चमकणारे धातूचे कण आहेत का ते उन्हात नेऊन पाहिले. ते नव्हते. मग नवे ऑइल भरून दाबाच्या सेन्सरच्या जागी यांत्रिक गेज लावला आणि इंजिन थंड असताना व गरम झाल्यावर, दोन्ही वेळचा दाब वहीत लिहून ठेवला. दोन्ही आकडे मॅन्युअलमधल्या मर्यादेत होते. सम्पसाठी दोन पर्याय दिले : हेलिकॉइल, म्हणजे तारेचे नवे आटे, बसवून दुरुस्ती करणे स्वस्त पडेल आणि चालेलही, पण दर वर्षी उघडायचा बोल्ट असल्याने नवा सम्प बसवणे त्यांना जास्त योग्य वाटत होते. मी नवा सम्प निवडला. तो मिळायला नऊ दिवस लागले आणि त्या काळात चौकशीसाठी केलेले माझे निम्मे फोन कोणी उचलले नाहीत. काम सुरू असताना फोन घ्यायचा नाही असा तिथे शिरस्ता आहे. कामासाठी तो चांगला असला तरी ग्राहकाला त्रासदायक आहे, आणि दिवसातून एकदा तरी निरोप देण्याची व्यवस्था त्यांनी करायला हवी.

नियमित सर्व्हिससाठी मी जुलै २०२५ मध्ये पुन्हा गेलो, आणि त्यांच्या कामाची पद्धत मला त्या वेळी खऱ्या अर्थाने कळली. ऑइल सोडण्यापूर्वी इंजिन थोडे गरम करतात, कारण गरम ऑइल पातळ होते आणि तरंगणारी घाण बरोबर घेऊन उतरते. ते उतरायला पुरेसा वेळ देतात. मी घड्याळ पाहिले, वीस मिनिटे गाडी तशीच ठेवली होती. नव्या फिल्टरच्या रबरी कडेला बोटाने ताजे ऑइल लावतात, तो हाताने बसवतात आणि रबर टेकल्यानंतर पाऊण फेरा देऊन थांबतात. त्याला पाना लावत नाहीत. ड्रेन बोल्टला नवा वॉशर घालतात आणि टॉर्क पान्याने ठरलेल्या मापावर ‘टक’ असा आवाज येईपर्यंतच आवळतात. वर्षापूर्वी माझी गाडी जिथे बिघडली ती जागा हीच होती, म्हणून तो आवाज मी मुद्दाम जवळ जाऊन ऐकला.

ऑइलचा डबा माझ्यासमोर सील तोडून उघडला. माझ्या इंजिनला फिल्टरसह ३.४ लिटर लागते, म्हणून त्यांनी मापाच्या भांड्याने तेवढेच ओतले, पाच मिनिटे थांबून सपाट जमिनीवर डिपस्टिक पाहिली आणि उरलेले ऑइल एका बाटलीत भरून, तारीख लिहून माझ्या हवाली केले. पूर्ण डबा ओतून मोकळे होणारी गॅरेजेस मी पाहिली आहेत. पातळी वरच्या खुणेच्या फार वर गेली तर फिरणारा क्रँकशाफ्ट ऑइलला घुसळतो, त्याला फेस येतो आणि फेसाला दाब धरता येत नाही. रिकाम्या डब्याला मिस्त्रींच्या मुलाने पेचकसाने भोके पाडली. असे डबे भंगारातून उचलून त्यांत भेसळीचे ऑइल भरून विकणारे लोक आहेत, त्यांच्या हाती आपला डबा जाऊ नये म्हणून ही काळजी. तुम्ही कुठेही सर्व्हिस करून घेतलीत तरी एवढे मागून घ्या. त्याला पैसे पडत नाहीत.

ऑइल कोणते घालावे यावरही आमचे बोलणे झाले. माझ्या गाडीच्या पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिले आहे. नाशिकचा उन्हाळा चाळिशीला टेकतो म्हणून जाड ऑइल घाला, असे मला पूर्वी दोन ठिकाणी सांगितले होते. मिस्त्री याच्या विरोधात आहेत, आणि त्यांचा मुद्दा बरोबर आहे. यातला डब्ल्यू हा विंटरचा आहे आणि त्याच्या आधीचा आकडा ऑइल थंडीत किती सहज वाहते ते सांगतो. नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला त्याचा दाटपणा किती राहतो हे सांगतो. इंजिनमधले ऑइल बाहेरच्या चाळीस अंशांवर चालत नसून शंभराच्या आसपास चालते आणि ते तापमान थर्मोस्टॅट व रेडिएटर सांभाळतात. जानेवारीच्या पहाटे निफाडकडे पारा दहाच्या बराच खाली जातो, तेव्हा सुरू होताच पहिल्या काही सेकंदांत ऑइल वरपर्यंत पोहोचणे महत्त्वाचे असते आणि तिथे जाड ऑइल उशीर करते. आताच्या इंजिनांत व्हॉल्व्हची वेळ बदलणारी यंत्रणाही ऑइलच्या दाबावर, अरुंद वाटांतून चालते. म्हणून डब्यावर दाटपणाबरोबर एपीआय या अमेरिकी पेट्रोलियम संस्थेची दर्जाची श्रेणीही पाहावी. २०२० पासून आलेली एसपी ही श्रेणी तिच्या आधीच्या श्रेणींच्या जागी पेट्रोल गाडीत चालते. जुनी श्रेणी नव्या गाडीत चालेलच असे नाही.

आधीच्या सर्व्हिस सेंटरने मला दर वेळी ‘इंजिन फ्लश’ सुचवला होता. मिस्त्रींनी तो नाकारला. वेळेवर ऑइल बदलणाऱ्या इंजिनला त्याची गरज नसते आणि वर्षानुवर्षे दुर्लक्षित इंजिनमध्ये फ्लशने सुटलेला गाळ पंपाच्या जाळीत अडकू शकतो, असे त्यांचे म्हणणे. ज्यातून पैसे मिळाले असते असे काम त्यांनी आपणहून टाळले, याची मी नोंद करतो.

त्याआधी, जानेवारीत, मी गाडी नेली होती ती गिअरबॉक्स आणि ब्रेक या दोन कामांसाठी. सीव्हीटीला तिचेच ऑइल लागते, साधे ऑटोमॅटिकचे ऑइल घातले तर पट्टा घसरतो; त्यांनी कंपनीचे ऑइल मागवून माझ्यासमोर क्रमांक पडताळला. ब्रेकच्या बाबतीत मात्र मला नवीन गोष्ट शिकायला मिळाली. ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. ताजे डॉट ४ प्रतीचे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण पाणी शोषल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंशांवर येते. सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे किंवा कसारा घाट उतरताना ब्रेक सतत दाबून ठेवला तर कॅलिपरपाशी, म्हणजे चाकाजवळ ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागापाशी, तेवढी उष्णता सहज होते, ऑइलची वाफ होते आणि पेडल खाली जाऊनही गाडी थांबत नाही. म्हणून ते साधारण दोन वर्षांनी बदलावे आणि घाट उतरताना गिअरने वेग आवरावा. माझे ऑइल त्यांच्या मीटरवर खराब दाखवले आणि गाडीच्या आधीच्या बिलांत ते कधी बदलल्याची नोंदच नव्हती.

कॅलिपरच्या सरकत्या पिना त्यांनी काढून पुसल्या आणि त्यांना ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावले. साधे पिवळे ग्रीस तिथे चालत नाही, कारण त्याने रबर फुगते आणि पिन अडकते. मग एका बाजूचा पॅड लवकर झिजतो. दरवाजांच्या बिजागऱ्यांना आणि बॉनेटच्या कुलपाला पांढरे लिथियम ग्रीस, काचांच्या रबरी खाचांना सिलिकॉनचा फवारा, बॅटरीच्या टोकांना पेट्रोलियम जेली असा ज्याचा त्याचा वेगळा उपाय होता. गंज सोडवण्याचा जो निळा-पिवळा फवारा सगळीकडे वापरला जातो, तो बिजागरीवर मारला की कुरकुर त्या दिवसापुरती थांबते, पण तो मुरलेले जुने ग्रीसही धुऊन नेतो. पाऊस संपल्यावर नाशिकमधल्या निम्म्या गाड्यांचे दरवाजे याच कारणाने ओरडतात, असे मिस्त्रींचा मुलगा म्हणाला. तो सातपूरच्या आयटीआयमधून शिकलेला आहे आणि वडिलांपेक्षा शांतपणे समजावून सांगतो.

माझ्या वडिलांनी त्या दिवशी बाकावर बसून त्यांच्या जुन्या जीपच्या आठवणी काढल्या. तिच्या स्टिअरिंगच्या सांध्यांना, पाट्यांच्या शॅकलना आणि मागे जाणाऱ्या शाफ्टच्या क्रॉसला ग्रीसचे निप्पल होते आणि दर काही आठवड्यांनी ग्रीसगनने, जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसेपर्यंत, ते भरावे लागत. आताच्या गाड्यांत हे सांधे कायमचे बंद केलेले असतात. ग्रीस भरण्याचे काम गेले, पण त्या बदल्यात रबरी बूट तपासण्याचे काम आले. पुढच्या चाकाकडे जाणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा बूट फाटला की आतले ग्रीस बाहेर फेकले जाते, माती आत जाते आणि स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टकटक आवाज येऊ लागतो. आवाज येण्याआधी पकडले तर फक्त बूट आणि ग्रीस बदलून भागते. माझ्या गाडीच्या डाव्या बुटाला बारीक चीर होती; त्यांनी ती मला टॉर्च लावून दाखवली, ‘अजून सहा महिने चालेल, पण पावसाळ्याआधी करून घ्या’ म्हणाले, आणि मी मे महिन्यात ते करून घेतले.

उणिवाही लिहिल्या पाहिजेत. त्यांच्याकडे व्हील अलाइनमेंटचे यंत्र नाही, त्यासाठी ते पाथर्डी फाट्याजवळच्या दुसऱ्या दुकानात पाठवतात आणि तिथे वेगळा अर्धा दिवस जातो. एसीच्या गॅसचे कामही करत नाहीत. बसायला एक लाकडी बाक आहे, स्वच्छतागृह शेजारच्या कारखान्यातले वापरावे लागते आणि ही अडचण विशेषतः स्त्रियांसाठी मोठी आहे. जुलैच्या सर्व्हिसनंतर खालच्या कव्हरची एक प्लास्टिकची क्लिप बसवायची राहिली होती आणि महामार्गावर कव्हर फडफडू लागले. परत गेल्यावर त्यांनी ती विनामूल्य बसवली, चूक मान्य केली, तरी लिफ्टवरून गाडी उतरवण्यापूर्वी शेवटची एक फेरी मारण्याची सवय लावून घ्यायला हवी. बिल करासह ५,४७० रुपये झाले; आधीच्या ठिकाणी याच कामांचे, फ्लशसह, ८,९०० झाले होते. वॉरंटीत असलेल्या गाडीसाठी मात्र कंपनीच्या अधिकृत केंद्रातच जावे, हे मिस्त्री स्वतःच सांगतात आणि अशा गाड्या परत पाठवतात.

काढलेल्या काळ्या ऑइलचे ते काय करतात, हे मी मुद्दाम विचारले. शेडच्या मागे झाकण असलेले दोन पिंप आहेत आणि नोंदणी असलेला पुनर्प्रक्रिया करणारा व्यावसायिक येऊन ते नेतो. त्याच्या पावत्या भिंतीवरच्या फाइलमध्ये लावलेल्या आहेत. वापरलेले ऑइल धोकादायक कचऱ्यात मोडते, आणि सातपूर-अंबडच्या नाल्यांत गेलेली प्रत्येक गोष्ट नासर्डीतून गोदावरीला मिळते. गोदाकाठच्या शहरात राहणाऱ्या माणसाने गॅरेज निवडताना हा प्रश्न विचारावा, असे मला मनापासून वाटते.

टोइंगच्या सेवेबद्दल आणखी एक प्रसंग लिहायचा आहे, कारण प्रत्येक वेळी फ्लॅटबेड लागतोच असे नाही. मार्चमध्ये धाकट्या भावाची गिअरची जुनी हॅचबॅक त्र्यंबक रस्त्यावर अंजनेरीजवळ क्लच गेल्याने बंद पडली. तेव्हा मिस्त्रींनी फ्लॅटबेड न पाठवता आपली जीप आणि लोखंडी टो-बार पाठवला. दोराऐवजी बार वापरण्याचे कारण असे की पुढच्या गाडीने ब्रेक मारला तर दोर सैल पडतो आणि मागची गाडी येऊन आदळते. बारमुळे अंतर कायम राहते. नियमानुसार दोन गाड्यांमधले अंतर पाच मीटरपेक्षा जास्त असू नये, ओढल्या जाणाऱ्या गाडीत परवाना असलेली व्यक्ती स्टिअरिंगवर हवी आणि मागून दिसेल अशी पाटी लावायला हवी; या तिन्ही गोष्टी त्यांनी केल्या. वेग ताशी २० किलोमीटरच्या वर नेला नाही. निघण्यापूर्वी भावाला रिकाम्या जागेत एकदा थांबवून दाखवायला लावले, कारण इंजिन बंद असताना स्टिअरिंग आणि ब्रेक दोन्ही किती जड होतात हे रस्त्यावर पहिल्यांदा कळू नये. ब्रेक निकामी झालेली गाडी असती तर बारनेही ओढली नसती, असे चालकाने स्पष्ट सांगितले. या फेरीचे त्यांनी १,२०० रुपये घेतले.

५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाल्यापासून आम्ही मुंबईला त्याच मार्गाने जातो. कसारा घाटाची वळणे टळतात, पण जवळपास आठ किलोमीटरच्या बोगद्यात गाडी बंद पडली तर काय, हा विचार मुंढेगावचा तो दिवस पाहिल्यापासून माझ्या मनातून जात नाही. म्हणून निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी पार्किंगच्या सपाट जागेत डिपस्टिक पुसून पातळी पाहतो, थंड टायरांत हवा मोजतो, टूलकिटमध्ये टोइंगचा हूक आहे याची खात्री करतो आणि गाडीखाली एक पुठ्ठा सरकवून ठेवतो. गेल्या चौदा महिन्यांत सकाळी तो पुठ्ठा दर वेळी कोरडा निघाला आहे.